काठावरचे अण्णा

मृगाचा पहिला पाऊस पडून गेला की आमच्या देऊळगाव राजात अण्णांच्या कृषी सेवा केंद्रासमोर मोटारसायकल लावायला जागा सापडत नाही. काउंटरच्या त्या बाजूला पन्नास शेतकरी, या बाजूला एकटे अण्णा. गर्दीतून एक हात वर येतो, "अण्णा, औंदा कपाशीचं कोणतं घेऊ?" अण्णा बिलबुकातून मान वर न काढता विचारतात, "जमीन काळी का मुरमाड? पाणी हाये का? मंग हे घे." झालं. एका माणसाचे पाच एकर, पोरीचं लग्न आणि सोसायटीचं कर्ज यांचा निकाल अडीच सेकंदांत लागलेला असतो. चहा यायच्या आत अण्णा असे शंभर-सव्वाशे एकर उरकून मोकळे होतात.

हेच अण्णा घरात मिक्सर घ्यायला अकरा महिने लावतात. चिखलीला भाव काढला, जालन्याला काढला, मोठा दुकानदार म्हणून संभाजीनगरला काढला, मग पहिला भाव जुना झाला म्हणून पुन्हा चिखलीला. वहिनी तोवर पाट्यावर चटणी वाटत होत्या. शेवटी मिक्सर आला, पण तो अण्णांनी घेतला नाही. एका तणनाशकाच्या स्कीममध्ये मिळाला.

स्कीम म्हणजे काय हे बियाण्या-खतांच्या धंद्याबाहेरच्यांना सांगायला हवं. कंपनी म्हणते, एवढा माल उचला, आगाऊ पैसे भरा, तुम्हाला हे देऊ. 'हे' म्हणजे कधी मिक्सर, कधी सोन्याचं नाणं, आणि टार्गेट मोठं असेल तर टूर. आमच्या घाटावरचे निम्मे दुकानदार, ज्यांनी आयुष्यात स्वतःच्या पैशानं महाबळेश्वर पाहिलं नाही, ते स्कीममध्ये बँकॉकला जाऊन आलेले आहेत. बँकॉकच्या टुरा पुढे कमी झाल्या. कारण कंपन्या सांगत नाहीत, पण घरोघरच्या वहिन्यांना माहीत आहे. मग जोडीनं न्यायची पद्धत आली. त्यातच २०२१ च्या सप्टेंबरात मुंबईहून कॉर्डेलियाची क्रूझ सुरू झाली आणि स्कीमच्या कागदावर विमानाच्या जागी जहाजाचं चित्र छापून येऊ लागलं. माझं दुकान देऊळगाव महीच्या रस्त्याला आहे. त्याला दुकान म्हणायचं ते अण्णांच्या मनाचा मोठेपणा म्हणून. माझं बिलिंग अण्णांच्या नावावर, त्यामुळं २०२४ च्या खरिपात त्यांचं टार्गेट पुरं झालं तेव्हा एक जागा माझ्या वाट्याला आली. कंपनीचं नाव लिहीत नाही. पुढच्या सीझनला माल लागतो.

मुंबई ते कोची आणि परत. कागद आला त्या दिवशी अण्णांनी जहाजाचं चित्र पाहिलंच नाही, थेट तळाशी गेले. तीस वर्षं बारीक अक्षरांचा माल विकणारा माणूस वाचायला लागतो तोच बारीक अक्षरापासून. तिथं लिहिलं होतं, 'बंदरावरील मार्गदर्शित सहली स्वखर्चाने.'

"बंदरावरील मार्गदर्शित म्हणजे रे?"

"म्हणजे अण्णा, जहाज कोचीला लागलं की खाली उतरून बसनं गाव दाखवतात. गाइड असतो संगं."

"गाइड," अण्णा म्हणाले, आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. तेव्हाच मला कळलं, की पुढचे तीन महिने मला हा शब्द ऐकायचा आहे.

गाइड या प्राण्याशी अण्णांचं वैर जुनं आहे. देवगिरीच्या किल्ल्यात अंधारी म्हणून भुयारी वाट आहे. शत्रू आत शिरला की वळणावळणावर गोंधळून मरावा अशी तिची रचना. तिथं वाट दाखवणारी माणसं उजेड घेऊन उभी असतात. अण्णांनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "किल्ला यादवांचा, वाट यादवांची, अन् पैसे ह्याले?" असं म्हणून ते मोबाइलच्या उजेडात आत शिरले. मोबाइलची बॅटरी पहिल्या वळणाला आणि अण्णांचा धीर दुसऱ्या वळणाला संपला. तिसऱ्या वळणाला वटवाघळं होती. पुढं एका गुजराती कुटुंबाच्या उजेडामागं अण्णा मुकाट चालत बाहेर आले. त्या कुटुंबाच्या ग्रुप फोटोत डावीकडून चौथे आमचे अण्णा आहेत. वेरूळला तर त्यांनी परदेशी पाहुण्यांच्या गाइडपासून चार हातांवर उभं राहून अख्खं कैलास लेणं फुकटात ऐकलं. गाइड इंग्रजीतून बोलत होता, अण्णांना इंग्रजी येत नाही. पण ऐकलं.

हा कंजूसपणा आहे असं कोणी म्हणेल. मीही म्हणत होतो. खरं कारण मला पुढं एका शिवारफेरीत कळलं.

शिवारफेरी म्हणजे दिवाळीच्या आधी कंपनी आणि दुकानदार मिळून शेतकऱ्यांना डेमो प्लॉट दाखवायला नेतात ती. अण्णांचा यात हातखंडा. दोन-तीन जीप भरायच्या, प्रत्येकाला कंपनीची टोपी, जीपमध्ये पोहे. प्लॉटचा मालक आपलाच, बियाणं त्याला फुकट दिलेलं, खत फुकट, फवारणी फुकट. प्लॉटमध्ये शिरायचं ते विहिरीकडच्या बाजूनं, कारण तिकडं झाडं कमरेएवढी असतात. नाल्याकडचा कोपरा पिवळा पडलेला असतो, तिकडं फेरी वळत नाही. अण्णा एका झाडाला धरून बोंडं मोजून दाखवतात. ते झाड आदल्या दिवशी हेरून ठेवलेलं असतं. मग कंपनीचा साहेब माइकवर बोलतो, मग पुरी-भाजी, मग जिलबी. परतताना जीप घरापर्यंत सोडत नाही. जीप थांबते अण्णांच्या दुकानापाशी, आणि तिथं आगाऊ बुकिंगचं रजिस्टर उघडून ठेवलेलं असतं.

त्या संध्याकाळी रजिस्टर मिटता मिटता अण्णा मला म्हणाले होते, "लेका, माणसाले दुकानात बोलावू नये. नुसतं फिरवून आणावं. दुकान आपोआप येते."

आता अशा माणसाला तुम्ही गाइडच्या बसमध्ये बसवणार? मासा पकडणाऱ्याला गळ दाखवण्यासारखंच ते. "गाइड असतो कोणाचा?" अण्णा विचारायचे, आणि उत्तरही स्वतःच द्यायचे, "दुकानाचा!"

तरी ठाम 'नाही' म्हणतील तर ते अण्णा कसले. खतकंपनीच्या डायरीत त्यांनी दोन रकाने पाडले, 'जाणे' आणि 'न जाणे'. सहलीचे माणशी साडेतीन हजार. अण्णांच्या डोक्यात रुपये राहत नाहीत, पाकिटं राहतात. त्या हंगामात कपाशीचं पाकीट ८६४ रुपयांना होतं, तो भाव दिल्लीहून ठरतो आणि त्यात अण्णांचं काही चालत नाही. "म्हणजे माणशी चार पाकिटं अन् वर चव्वेचाळीस रुपये. दोघांची आठ पाकिटं. आठ पाकिटांत चार एकर लागते, समजलं?" डिसेंबरभर चार एकर कपाशी एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात जात राहिली. दुकानात येईल त्याचं मत घेतलं गेलं. तूर विकून आलेल्या मेहुणा राजा गावच्या एका म्हाताऱ्यालाही अण्णांनी विचारलं. म्हातारा म्हणाला, "समुद्रात गेल्यावर जमिनीवर उतरायचे पैसे घेतात? मंग उतरायचंच नाही." हे मत अण्णांना इतकं आवडलं की त्यांनी ते डायरीत तारखेसह लिहून ठेवलं.

जालन्याहून पहाटेची वंदे भारत, मग सीएसएमटी ते बॅलार्ड पिअर सामान ओढत पायी (टॅक्सीच्या अर्ध्या पाकिटाची बचत), आणि एकदाचे आम्ही जहाजावर चढलो. जहाजाचं वर्णन करत नाही. आत मॉल असतो आणि बाहेर पाणी. अण्णा पहिल्या रात्री जेवणाच्या पन्नास-साठ प्रकारांसमोर ताट घेऊन पाऊण तास उभे होते आणि शेवटी दही-भात घेऊन आले, एवढं पुरे.

दुसरा दिवस नुसता समुद्राचा. सकाळी नऊ वाजता सहलींच्या काउंटरवर नाव नोंदवायला सुरुवात झाली आणि नऊ वाजून एक मिनिटानं अण्णा तिथं हजर. नाव नोंदवायला नव्हे, चौकशीला. काउंटरवरचा मुलगा बिचारा नवा होता. काय काय दाखवणार, किती वेळ, जेवण धरून का जेवण सोडून, बस एसी का साधी, दुकानात नेणार का? शेवटच्या प्रश्नाला मुलगा म्हणाला, "सर, मसाल्यांच्या मार्केटमध्ये थोडा वेळ आहे." अण्णांनी मागं वळून माझ्याकडे असं पाहिलं, की देवगिरीपासूनचा सगळा हिशेब त्या नजरेत चुकता झाला.

पण मग त्या मुलानं एक वाक्य टाकलं. "सर, आमच्या बसनं गेलात आणि बसला उशीर झाला, तर जहाज थांबतं. स्वतः गेलात आणि उशीर झाला, तर थांबत नाही."

"थांबत नाही म्हणजे?"

"निघून जातं, सर."

अण्णांना हे खरंच कळेना. आमच्या स्टँडवर नवरा चहा आणायला गेला असेल तर बाई कंडक्टरला सांगते, "थांबा हो, येऊन राहिले," आणि एसटी थांबते. ड्रायव्हर नुसता हॉर्न वाजवतो. एवढं मोठं जहाज, आत दीड-दोन हजार माणसं, आणि देऊळगावचा एक माणूस आला नाही म्हणून पाच मिनिटं दम निघत नाही? मी सांगितलं, की बंदरात जहाजाची वेळ ठरलेली असते, धक्क्याचं भाडं चालू असतं, जहाज बाहेर काढणारा पायलट बोलावलेला असतो. सगळ्या जगातल्या क्रूझचा हाच नियम.

अण्णा बराच वेळ रेलिंगला धरून पाण्याकडे पाहत उभे राहिले. मग म्हणाले, "समजलं. हा पीक विमा हाये."

"काय?"

"बस म्हणजे पीक विमा. आपण बसचे पैसे नाही देऊन राहिलो, जहाज थांबायचे देऊन राहिलो. पण लेका, सरकार एक रुपयात विमा काढून देते, अन् हे साडेतीन हजारात!"

त्या दिवशी डेकवर सभाच भरली. मेहकरचे एक दुकानदार म्हणाले, परक्या मुलखात भाषा येत नाही, गपचूप बसमध्ये बसावं. भोकरदनचे म्हणाले, आपण शेतकऱ्याला उधारी देतो ती बुडते, त्यात हे साडेतीन हजार काय जड? (अण्णांची उधारी बुडत नाही, त्यामुळं हा मुद्दा बाद.) मी माझ्या परीनं भर घालायला गेलो. म्हटलं, अण्णा, आपण उतरणार ते विलिंग्डन बेट मुळात एवढं मोठं बेटच नव्हतं. रॉबर्ट ब्रिस्टो नावाच्या इंग्रज इंजिनिअरानं १९२०-३० च्या काळात कोचीचं बंदर खोल केलं, त्यातून निघालेला गाळ टाकून हे बेट तयार झालं, आणि व्हाइसरॉय विलिंग्डनचं नाव दिलं.

"गाळाचं?" अण्णांचे डोळे चमकले. "म्हणजे गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार!" आमच्याकडे खडकपूर्णा धरणाच्या गाळावरून ट्रॅक्टरवाल्यांची भांडणं होतात. इंग्रजांनी त्याच गाळाचं बंदर केलं, हे अण्णांना इतकं पटलं की सहलीचा विषय तासभर मागं पडला. माणसाच्या निर्णयात आपण ज्ञान घातलं की निर्णय पुढं सरकतो असा माझा समज होता. अण्णांच्या बाबतीत ते जागच्या जागीच जास्त खोल जातं.

रात्री नोंदणी बंद व्हायला दहा मिनिटं असताना आम्ही काउंटरवर होतो. पाच मिनिटं असताना अण्णा म्हणाले, "तुह्या वहिनीले विचारतो." वहिनी केबिनमध्ये नव्हत्या, भजनाच्या हौशी बायकांत कुठंतरी होत्या. आम्ही परत येईपर्यंत काउंटरवर पाटी लागलेली होती. अण्णांनी सुस्कारा सोडला. आजवर त्यांचे बरेचसे निर्णय असेच झालेले आहेत. शटर पडलं की त्यांना मोकळं वाटतं.

सकाळी जहाज धक्क्याला लागलं. वहिनींना हाक मारत अण्णा खालच्या दारापर्यंत आले, तर धक्क्यावर एसी बसच्या खिडकीत वहिनी. छातीवर सात नंबरचा गोल स्टिकर, डोक्यावर कंपनीची टोपी.

"अहो, तुम्ही येऊन नाही राहिले?" वहिनींनी काचेतून खुणेनं विचारलं. त्यांनी आदल्या दिवशीच भिशीच्या पैशातून स्वतःचं तिकीट काढून टाकलं होतं. तीन महिने घरात चर्चा ऐकत होत्या, मधे एकदाही बोलल्या नव्हत्या. बस निघून गेली. अण्णा म्हणाले, "चार पाकिटं," आणि आम्ही पायी निघालो.

बंदराच्या दारात रिक्षावाल्यांनी गराडा घातला. तीन तास, सगळं दाखवतो, मसाला मार्केट धरून. 'मसाला मार्केट' ऐकताच अण्णांनी छत्री आडवी धरून वाट काढली. विचारत विचारत धक्क्यावर गेलो, केरळ सरकारच्या जलवाहतूक खात्याची बोट मिळाली. दोघांचं तिकीट एका वडापावपेक्षाही कमी. ते तिकीट अण्णांनी डायरीत चिकटवून ठेवलं आहे, अजून दाखवतात. खाडीपलीकडे फोर्ट कोचीला उतरलो तेव्हा त्यांचा चेहरा खरिपात सर्वात आधी माल पोचलेल्या दुकानदारासारखा झाला होता.

किनाऱ्यावर ती प्रसिद्ध चिनी जाळी. उंच लाकडं एकमेकांना दोरांनी बांधलेली, एका टोकाला अख्खं जाळं पसरलेलं, दुसऱ्या टोकाला वजन म्हणून दोरांना लटकवलेले दगड. चार-पाच माणसं जोर लावून ते सगळं धूड पाण्यात वाकवतात आणि वर काढतात. अण्णा जाळ्यापेक्षा दोरांकडे पाहत होते. आश्विनात आमच्या गावी बालाजीचा लाठा मंडप, म्हणजे उंच लाकडं दोरांनी बांधून केलेला मंडप, उभा राहतो तेव्हा लाठांच्या दोरांना हात लावायला मिळावा म्हणून अण्णा दुकान बंद ठेवतात. इथं ते सरळ पुढं गेले आणि एका दोराला हात घालून ओढू लागले. कोळ्यांना वाटलं, पैसे देऊन ओढून बघणारा पर्यटक आहे. जाळं वर आलं, मुठीएवढी मासळी आली, आणि कोळ्यानं हात पुढं केला. अण्णांनी तो हात आनंदानं हातात घेऊन दाबला. कोळी बराच वेळ आपल्या रिकाम्या तळव्याकडे पाहत होता.

तिथून सेंट फ्रान्सिस चर्च. वास्को द गामा १५२४ साली कोचीतच वारला, त्याला इथं पुरलं होतं. पुढं त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. मी हे सांगितलं.

"म्हणजे तो इथं नाही?"

"नाही."

"मंग लोक काय पाहून राहिले?"

"जागा. त्याला पुरलं होतं ती."

"पाहा!" अण्णा जवळजवळ ओरडले. "रिकामी जागा दाखवायचे साडेतीन हजार!"

मला राहवेना. म्हटलं, अण्णा, ह्या वास्को द गामालासुद्धा समुद्र एकट्यानं पार करता आला नव्हता. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मालिंदीला त्यानं एक वाटाड्या घेतला. तो वाट दाखवायला होता, म्हणून १४९८ मध्ये कालिकतला पोचला. गाइड नसता तर इतिहास वेगळा असता.

अण्णा क्षणभर गप्प झाले. मला वाटलं, तीन महिन्यांत पहिल्यांदा मी जिंकलो. मग ते थडग्याच्या दगडाकडे बोट दाखवून म्हणाले, "त्यानं एक गाइड केला, अन् गोव्यातून ह्या लोकाईले काढायले आपल्याले १९६१ लागलं. गाइड करू नये ते ह्याच्यासाठीच!"

पुढं मट्टांचेरी. १५६८ चं ज्यूंचं प्रार्थनामंदिर पाहायला गेलो तर दार बंद. शनिवार होता, ज्यूंचा विश्रामाचा दिवस. बसवाल्यांना हे आधीच माहीत असल्यामुळं त्यांच्या कागदावर ते नव्हतंच. हे मी बोललो नाही. अण्णांनी बंद दाराचा फोटो काढला आणि 'पाहिले' म्हणून खूण केली. डच राजवाडा पोर्तुगिजांनी बांधलेला आहे हे कळल्यावर त्यांना नावाचा संशय आला, पण आत भिंतींवर रामायण रंगवलेलं दिसल्यावर संशय मिटला.

आता त्या गल्लीत दोन्ही बाजूंना मसाल्यांची दुकानं. अण्णा नाकासमोर चालत होते. पण नाकच तर फसलं. मिऱ्याचा असा घमघमाट, की बियाण्याच्या माणसाचा हात पोत्यात गेल्याशिवाय राहीना. ओंजळीत मिरी घेतली, फुंकर मारून हलके दाणे उडवले, एक दाताखाली धरला. "माल चांगला हाये," ते मला म्हणाले, "पण घ्यायचा नाही. नुसता भाव काढू." गल्ल्यावरचा माणूस फोनवर बोलत होता. अण्णांनी कान टवकारले. 'जेवण', 'मागीर', 'घरा' असे शब्द येत होते.

"अरे, हा तर मराठी बोलून राहिला!"

मराठी नव्हे, कोंकणी. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या जाचामुळं गोवा सोडून आलेल्या कोंकणी लोकांची इथं मोठी वस्ती आहे. दुकानदार हिंदीतून सांगत होता, की चारशे वर्षं झाली, भाषा सोडली नाही, देव सोडला नाही. इथून जवळच चेरळाईला त्यांचं मोठं देऊळ आहे, तिरुमल देवस्वम.

"देव कोणता?" अण्णांनी सवयीनं विचारलं.

"वेंकटाचलपती."

अण्णांच्या ओंजळीतली मिरी पोत्यात पडली. "वेंकटाचलपती म्हणजे... बालाजी?"

"हां, बालाजी."

देऊळगाव राजाच्या माणसाला हा शब्द परमुलखात ऐकू येणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगता येत नाही. आमच्या गावाची ओळखच बालाजी. यात्रा त्याची, बाजार त्याचा, लग्नाच्या तारखा त्याच्या उत्सवाला चुकवून. घरापासून इतक्या दूर, गाळाच्या बेटापलीकडे, मिऱ्याच्या गल्लीत तोच बसलेला. अण्णांनी रकाने पाडले नाहीत, भाव विचारला नाही, किती दूर तेही विचारलं नाही. दुकानदारानं आपल्या पोऱ्याला हाक मारली आणि पोऱ्या पुढं, अण्णा त्याच्या मागं, मी त्यांच्या मागं असे निघालो. पोऱ्या वळला की अण्णा वळत. पोऱ्या थांबला की थांबत. दुपारी दार लागायच्या आत पोचलो. अण्णा आत गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा कपाळाला गंध होतं आणि बोलत नव्हते.

परत पोऱ्या पुढं, आम्ही मागं, आणि पोचलो कुठं, तर दुकानात. ही शिवारफेरी आहे हे माझ्या लक्षात आलं. अण्णांच्या आलं नाही. त्यांनी दोन किलो मिरी आणि वेलदोडे घेतले. तोळाभर घासाघीस केली, तीही चालीरीत म्हणून. बिल झालं ३४८० रुपये. मी मनात भागाकार केला, चार पाकिटं आणि वर चोवीस रुपये. सहलीच्या मानानं निव्वळ बचत वीस रुपये. वर पोऱ्याला अण्णांनी शंभराची नोट दिली, म्हणजे बचतही गेली.

जहाजाची भीती होतीच, म्हणून रिक्षा करून पुलावरून परतलो. सर्वांनी चढायची वेळ चारची, आम्ही तीन वीसला डेकवर. अण्णांनी घड्याळ बघितलं, रेलिंगला टेकले आणि धक्क्याकडे पाहू लागले. चार वाजले, बस नाही. सव्वाचार, बस नाही. जहाज शांत उभं.

"पाह्यलं?" अण्णा म्हणाले. "आपल्यासाठी थांबलं असतं?" आवाजात विजय होता का दुखावलेपणा, मला ठरवता आलं नाही. मला वाटतं, आपण वेळेत येऊन चूक केली असं त्यांना क्षणभर वाटलं असावं. साडेचारला सात नंबरची बस आली. प्रत्येकीच्या हातात मसाल्याच्या पिशव्या. मार्केटमध्येच उशीर झाला होता.

डेकवर जमलेल्या दुकानदारांना अण्णा हकीकत सांगू लागले. पहिल्या वेळी सांगताना त्यात "एक पोऱ्या संगं होता". भोकरदनच्यांना सांगितलं तेव्हा पोऱ्या "मागून येत होता". मेहकरच्यांच्या वेळेपर्यंत पोऱ्या उरलाच नाही. "आपले पाय आपोआप वळले, राजेहो. ना गाइड, ना रिक्षा. बालाजीनंच बोलावलं."

तेवढ्यात वहिनी आल्या. पिशव्या खाली ठेवून त्यांनी अण्णांच्या कपाळाकडे पाहिलं.

"गंध कुठलं हे?"

"बालाजीचं," अण्णा अभिमानानं म्हणाले. "इथं बालाजी हाये. मी शोधून काढला."

वहिनी काही बोलल्या नाहीत. पाटा-वरवंट्याचे अकरा महिने त्या अशाच गप्प होत्या. मग इतक्या हळू, की आम्ही सगळे आपापल्या पिशव्यांत बघू लागलो, त्या म्हणाल्या, "बालाजीले मले सोडून जाऊन आले?"

"तूच तर बसनं गेलीस..."

"मी गेले वास्को द गामाची रिकामी जागा पाह्यले. तिथं जोडीनं जावं लागत नाही."

रात्रीच्या जेवणात अण्णांनी दही-भातसुद्धा घेतला नाही. वहिनींनी पर्स उघडली, भिशीचे उरलेले पैसे काढून टेबलावर मांडले आणि अण्णांची डायरी त्यांच्यापुढं सरकवली.

"रकाने पाडू नका. दिवाळी झाली की आपण दोघं पुन्हा कोचीले येऊन राहिलो, स्कीम असो का नसो. बस नको, गाइड नको, रिक्षा नको. तुम्ही पुढं चाला, मी मागं येते. तुमचे पाय आपोआप वळतात ना?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी समुद्राकडे.